डाळीतला कोळी

आमचे डॉक्टर ही गोष्ट इतकी वर्षं सांगत आलेत की आता ती त्यांचीच झाली आहे. पुण्याला सांगितली, नाशिकला सांगितली. ठाण्याला एका मोठ्या हॉलमध्ये माइकवर सांगितली, तेव्हा मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसून ऐकली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. हसू देत. माझं भांडण हसण्याशी नाही. माझं भांडण पहिल्या वाक्याशी आहे. 'आमच्याकडे एक स्वयंपाकीणबाई होत्या', असं डॉक्टर सुरू करतात.

मी स्वयंपाकीण नव्हते. मी काँट्रॅक्टर होते. केंद्राच्या जेवणाचं काँट्रॅक्ट माझ्या नावावर होतं. कमिटीवरच्या साहेबलोकांशी भांडून मी ते मिळवलं होतं. हाताखाली भाजी चिरायला एक बाई होती, ती वेगळी. आणि दुसरं म्हणजे, डॉक्टर जिथे गोष्ट संपवून टाळ्या घेतात, तिथे ती अर्धीसुद्धा झालेली नसते. पुढचा सगळा व्यवहार मी जमवला. तो ते सांगतच नाहीत. म्हणून मी लिहिते.

मी कोपरची. खाडीवरची कोळीण. नवरा लवकर गेला, होडी दिराकडे गेली, आणि दीर दारूकडे गेला. मी मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि डोंबिवली पूर्वेचे जिने चढले. तिथल्या बायका पापलेटाचा कल्ला असा उघडून बघतात, जसा मुलीसाठी जावईच बघतायत. त्यांच्याशी घासाघीस करून जी टिकली, तिला पुढे कमिटीची काय भीती? पाटीवरून मी एका शाळेच्या डब्यांवर आले, डब्यांवरून कल्याणच्या या केंद्रावर. हे केंद्र एका ट्रस्टचं. मनाचं आजारपण असलेल्या माणसांसाठी पुढे दवाखाना, मागे थोड्या खाटा, आणि खाटांच्या मागे माझं स्वयंपाकघर. नव्वद सालानंतरचा तो काळ. माझं डोकं लवकर तापतं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही नवीन सांगत नसे.

डॉक्टर तेव्हा तरुण होते, बिनलग्नाचे होते आणि उत्साही होते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणूस फार मीटिंगा घेतो. एका मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आपल्याकडे आदिवासी पेशंट येतात, गप्प बसतात, आणि परत येत नाहीत. त्यांना इथे परकं वाटतं. हे बदलायचं."

मग सुरू झालं बदलणं. पहिल्यांदा खुर्च्या गेल्या आणि चटया आल्या. खर्डीकडून मुलाला घेऊन आलेला एक म्हातारा दारात उभा राहून चटयांकडे बघत म्हणाला, "खुर्च्या कोणी पळवल्या का?" त्याचे गुडघे दुखत होते. डॉक्टरांचेही दुखायला लागले. दिवसाच्या शेवटी त्यांना चटईवरून उठवायला मला आणि ऑफिसातल्या बाईंना दोन्ही बाजूंनी धरावं लागे. मग डोंबिवलीच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडून भिंतीवर वारली चित्रं काढून घेतली, मधोमध मोठा चौक आणि भोवती नाचणारी माणसं. वाड्याकडचं एक वारली कुटुंब आलं, चौकाकडे बघून हसायला लागलं आणि विचारू लागलं, "लगीन कोणाचं हाय?" त्यांच्यात तो चौक लग्नात काढतात. ऑफिसातल्या बाईंनी डॉक्टरांकडे बोट केलं. डॉक्टर लाल झाले. त्या कुटुंबाने जाताना त्यांना आशीर्वादसुद्धा दिला.

मग जेवणाची पाळी आली. डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, त्यांना आपलं वाटेल असं काहीतरी करा ना. रानातलं."

ते वाक्य लक्षात ठेवा, कारण डॉक्टर ते विसरतात. रानातलं करा, हे ते म्हणाले होते. मी नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे एक वारली बाई राहायला होती. असेल पस्तिशीची. मोहन्याच्या बाजूला एक बिल्डिंग उभी राहत होती, तिथे तिचा नवरा राखणीला होता आणि दोघं तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहायची. तिची झोप उडाली होती. रात्रभर ती त्या अर्ध्या बिल्डिंगच्या जिन्यांवर चढ-उतर करी, कुणीतरी हाक मारतंय म्हणे. जिन्यांना कठडे नव्हते. एकदा वरच्या स्लॅबच्या कडेवरून नवऱ्याने तिला ओढून आणली आणि सकाळी सरळ इथे घेऊन आला. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, आणि आठवडा सरायच्या आत ती झोपायला लागली. झोपल्यावर तिचा चेहराच बदलला. ती माझ्याकडे स्वयंपाकघरात येऊन बसू लागली, तांदूळ निवडू लागली. फार बोलायची नाही. मी दोघींचं बोलायचे. आमचं छान चाललं होतं.

पावसाळा लागला आणि कल्याणच्या बाजारात रानभाज्या आल्या. डोंगराकडच्या बाया बोचकी सोडून रस्त्याला बसल्या. मी फोडशी बघितली. गवतासारखी लांब हिरवी पात, खाली पांढरा दांडा. मला वाटलं, हेच रानातलं. एका बाईशी असा भाव केला की शेजारच्या बाया आपली गिऱ्हाइकं सोडून ऐकायला लागल्या. शेवटी ती म्हणाली, "ने सगळी, पण जा!" मी गोणीभर फोडशी घेऊन आले.

एवढी घेतली तर वापरायला नको? भाजी केली. डाळीत घातली. भजी काढली. थालीपीठात मळली. रात्रीच्या आमटीत पण गेली. सगळे खुश. डॉक्टरांनी दोनदा वाढून घेतली, हेही ते माइकवर सांगत नाहीत.

ती बाई पानावर बसली, डाळीचा वास घेतला, आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"काय गो बाय? जेव की."

"कोळी हाय यात," ती म्हणाली. "माना कोळ्याचं नाय चालत."

मी पळी हातात घेऊन उभी. माझ्या कानात जे पडलं ते सरळ पडलं: कोळ्याच्या हातचं मी खात नाही. माझ्या स्वयंपाकघरात! आदल्या दिवशीपर्यंत माझ्याच पातेल्यातला भात खाणारी, माझ्याच मांडीला मांडी लावून तांदूळ निवडणारी! डोंबिवलीच्या एकेका सोवळ्या घराने माझ्या हातची कोळंबी घेतली, रस्सासुद्धा कसा करायचा ते मला विचारलं, आणि ही मला सांगते?

"कोळ्यांना काय झालंय गो?" मी ओरडले. "काय खोड आहे कोळ्यात?"

ती घाबरून म्हणाली, "खोड नाय. पन आत्ता नाय चालत."

"आत्ता नाय आणि मग काय संध्याकाळी चालणार?"

"देवाला चालला का मंग चालंल."

म्हणजे आता कोळी देवाला चालतात की नाही, तेही ठरायचं होतं! मी पळी आपटली. आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"काय म्हणतात या?"

"कोळी म्हणते!" मी म्हणाले. रागाने माझ्या तोंडून पुढचं आलंच नाही.

"कोळी?" डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. "डाळीत?"

"हा," ती म्हणाली. "डाळीत हाय, भाजीत हाय. भज्यात पन हाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांच्या कानात आठ पायांचा कोळी गेला होता. मला तेव्हा ते कळलं नाही, कारण माझ्या कानात माझीच जात होती आणि तिथे दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

त्या दुपारी डॉक्टरांनी अख्ख्या केंद्राची जळमटं काढायला लावली. स्वतः मात्र दाराबाहेर उभे राहून, 'त्या कोपऱ्यात, अजून वर, अजून वर' असं सांगत होते. मला वाटलं, आता माझं स्वयंपाकघर घाण आहे असंही म्हणायचंय यांना. म्हणजे एकाच दिवसात जात पण गेली आणि स्वच्छता पण गेली. रात्रीच्या जेवणाला डॉक्टर टॉर्च घेऊन आले. एकेका पातेल्याचं झाकण मला उघडायला लावलं आणि लांबूनच टॉर्च मारली.

"बघा ताई, कुठे आहे का कोळी?"

तिने वाकून बघितलं आणि बोटाने दाखवलं. "तो काय."

डॉक्टरांनी टॉर्च तिथे मारली. आमटी होती.

"इथे?"

"हा. आन तिथं पन. लय घातलाय."

डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशी, त्यांना दिसतायत."

"दिसणारच! मी काय लपून बसलेय?" मी म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडेही जरा काळजीने बघायला लागले.

मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंना पटवलं. त्या डोंबिवलीच्या, देशस्थ, कायम स्टार्चची साडी. त्यांनी पळी हातात धरून वाढायला उभं राहायचं, आणि मी दाराआड. बघू तर खरं, ब्राह्मणाच्या हातचं जेवते का. बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"जेवा हो," त्या म्हणाल्या. "आज सगळं मी केलंय."

तिने आधी वास घेतला. "कोळी नाय ना घातला?"

"छे हो! त्या आज आल्याच नाहीत," बाई म्हणाल्या.

तिने ताटात बोट फिरवलं आणि खिन्नपणे म्हणाली, "हाय की. आजपन हाय."

दाराआडून माझा हुंदका की शिंक, काय ते माहीत नाही, पण मोठा आवाज निघाला. बाई दचकल्या. पळी आमटीत पडली आणि स्टार्चच्या साडीचं जे झालं त्याबद्दल त्या माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत.

एवढी गंमत चालू होती, पण ती बाई खरंच जेवत नव्हती. कोरा चहा घ्यायची. भातही नको म्हणायची, कारण तोच डाव, तीच पातेली. उपाशीपोटी गोळी देता येत नव्हती. गोळी नाही म्हटल्यावर झोप गेली. रात्री ती परत उठून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. डॉक्टर म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. तिथे सलाईन लावता येईल, सोय चांगली आहे."

सोय चांगलीच असेल. पण आमच्या भागात 'ठाण्याला पाठवली' याचा अर्थ काय होतो हे पोरंटोरंसुद्धा सांगतील. एकमेकांना चिडवतानासुद्धा तेच म्हणतात. तिलाही तो शब्द कळला. तिने माझा हात धरला, ज्या हातचं खात नव्हती तोच, आणि म्हणाली, "ठाण्याला नको धाडू. पाड्यावर माना परत घेनार नाय कोन." मला राग धरून ठेवणं कठीण झालं. तरी मी धरला.

गुरुवारी तिचा नवरा भेटायला आला. मी त्याची वाटच बघत होते. भाजी निवडत स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, तशीच उठले.

"ये! तुझी बायको कोळ्याचं खात नाय म्हणते. कोळ्यांनी तुमचं काय वाईट केलंय सांग!"

गोंगाट ऐकून डॉक्टर आणि ऑफिसातल्या बाईही आल्या. नवरा गरीब माणूस. माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "बाय, तो कोळी तं दारातच पडलाय."

माझ्या डोळ्यांपुढे माझा दीर आला. पिऊन माझ्या मागे मागे इथपर्यंत येऊन पडायची त्याची जुनी सवय. "आला मेला!" म्हणून मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दाराबाहेर गेले. त्याच वेळी डॉक्टर ओरडले, "कुठे? केवढा?" आणि एका उडीत दाराजवळच्या बाकावर चढले. चटई पसरल्यापासून गुडघ्यांवर हात ठेवून उठणारा माणूस! मी बाहेर दीर शोधतेय, डॉक्टर बाकावरून जमिनीवर शोधतायत, आणि ऑफिसातल्या बाई निऱ्या वर धरून दोघांकडे आळीपाळीने बघतायत. नवरा खाली वाकला, माझ्या निवडलेल्या ढिगातून फोडशीची एक जुडी उचलली आणि वर धरली.

"हा. हा कोळी."

 बाक कुरकुरला.

"कोवळी भाजी," तो म्हणाला. "आमी कोळी म्हनतो. नवा आलाय. आजून देवाला दाखवला नाय. पाड्यावर दिवस व्हतो, देवाला देतात, मेलेल्या मानसांना देतात, मंग खायचा. त्याच्या आधी नाय खायचा."

डॉक्टर बाकावरून उतरले. "आणि आधी खाल्ला तर?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. ती स्वतःच बोलली, एवढं लांब मी तिला बोलताना पहिल्यांदा ऐकलं. गेल्या पावसाळ्यात ती दोघं कामावरच होती. पाड्याचा दिवस कधी झाला ते सांगायला कुणी आलं नाही. बाजारात कोळी दिसला, तिला खावासा वाटला, तिने शिजवला आणि खाल्ला. त्यानंतर झोप गेली. हाक मारणारी कोण, हेही तिला माहीत होतं. तिची मेलेली आई. आईच्या आधी जेवली म्हणून.

"आन आता परत तेच ताटात," ती म्हणाली.

मी झाडू खाली ठेवला. पण मनात एक प्रश्न होताच, आणि तो मी विचारला. "मग तुमच्या बाया बाजारात कशा विकतात? मला अख्खी गोणी विकली!"

"इकायला देव नाय म्हनत नाय," नवरा म्हणाला. "खायला म्हनतो."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथेच डॉक्टरांच्या गोष्टीत टाळ्या पडतात. बिचाऱ्या स्वयंपाकीणबाईंनी रानातलं म्हणून जे आणलं तेच नेमकं, वगैरे. मी तेव्हाही सांगितलं, आत्ताही सांगते. मी फोडशी विकत घेतली, फोडशी शिजवली. आपल्याला दोन नावं आहेत हे भाजीने मला सांगितलं नाही. आणि रानातलं करा कोण म्हणालं होतं?

पण टाळ्या पडल्यावरही ती बाई उपाशीच होती. पुढचं ऐका.

डॉक्टर तिच्या समोर चटईवर बसले. हे मात्र त्यांनी चांगलं केलं. भाषण नाही, टॉर्च नाही. सरळ विचारलं, "ताई, तुम्हाला काय चालेल?"

तिने विचार करून सांगितलं. नवं मडकं. बाहेर, तीन दगडांवर. भात. आणि तोही तीच शिजवणार. मी कुंभाराकडून मडकं आणलं, भाव न करता, हे माझ्या आयुष्यात एकदाच झालं. तिने मागच्या अंगणात भात शिजवला, मीठ घालून खाल्ला, गोळी घेतली. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो, जशी क्रिकेटची मॅच बघतात.

रात्री ती झोपली नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "गोळी पोटात आहे, पण भीती पण आहे. ताटाला हात लागला ना त्यांचा. एवढ्या अशक्तपणात मी त्यांना फार दिवस ठेवू शकत नाही, मावशी."

"त्या देवाचा दिवस झाला तर?"

"तो कधी आहे?"

"विचारून येते. तुम्ही शनिवारचा सोमवार करा."

"रविवार."

"सोमवार. आणि दिवस असेल तेव्हा तिला पाड्यावर न्यायची परवानगी."

"बरोबर कोण जाणार? गोळ्या कोण देणार?"

"मी."

"आणि इथलं जेवण?"

"ऑफिसातल्या बाई. त्यांनी पळी धरलेली आहे."

डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "सोमवारपर्यंत त्या एकदा तरी नीट झोपल्या तर ठाणं नाही. नाही झोपल्या तर मला पाठवावं लागेल. हे शेवटचं." मी आणखी ताणून बघितलं, पण माणूस तिथून हलला नाही. असा भाव मला आवडतो.

मी आणि तिचा नवरा एसटीने पाड्यावर गेलो. भिवंडीला गाडी बदलली, वाड्याच्या अलीकडे उतरलो, मग चिखलातून चालत. दिवस ठरवणारा म्हातारा ओट्यावर बसून बांबू तासत होता. नवऱ्याने सगळी हकिगत त्याला सांगितली. म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

मी पुढे झाले. हे माझं काम होतं.

"बाबा, बाईचा जीव जातोय. उद्याच करा दिवस."

म्हातारा बांबू तासत राहिला. मी मनात म्हटलं, कसलेला आहे.

"बरं, उद्या घाई होईल. परवा करा. नारळ मी आणते."

तो गप्पच.

"नारळ आणि कोंबडा."

त्याने बांबू उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने तासायला लागला. घाम मलाच फुटला. डोंबिवलीतली कितीही चिवट बाई असली तरी निदान 'महाग आहे' एवढं तरी म्हणते. हा माणूस काही म्हणतच नव्हता. माझ्या प्रत्येक बोलण्यावर मीच चढत होते.

"सुकट आणते. चांगली, वाळूशिवाय. सगळ्या पाड्याला पुरेल एवढी."

काहीच नाही.

"बोंबील पण! सुके बोंबील पण आणते! परवा करा हो बाबा, रविवारी!"

म्हाताऱ्याने कोयती खाली ठेवली. "रविवारीच हाय," तो म्हणाला. "कवाचा ठरलाय."

"मग आधी बोलला का नाही?"

"तू बोलत व्हतीस."

परत निघालो तेव्हा मागून त्याची हाक आली, "बाय! बोंबील इसरू नको!" नवरा अख्खा रस्ता माझ्या मागून चालला. पुढे चालला असता तर हसताना दिसला असता.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मी सुकट आणि बोंबलाची पिशवी घेऊन, तिला खिडकीशी बसवून, गोळी पदराच्या टोकाला गाठ मारून. पाड्यावर मला वाटलं होतं लोक तिच्याकडे रोखून बघतील. कुणी बघितलं नाही. एका बाईने तिच्यापुढे भाजीचा ढीग टाकला आणि म्हणाली, "बसलीस काय, निवड." ती निवडायला बसली. मी मदतीला हात पुढे केला तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "तू नको शिजवू आता."

देवापुढे पानावर भाजी मांडली. मग एकेक घास, नावं घेऊन, मेलेल्यांसाठी. तिच्या आईचं नाव तिने स्वतः घेतलं. एकदा अडखळली, मग परत घेतलं. सगळे थांबले होते, कुणी घाई केली नाही, मीसुद्धा नाही, आणि माझ्यासाठी ते काही सोपं नव्हतं. मग जेवणं. ती जेवली. पानावर दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना तिने माझ्या पानावर पण ढीग घातला. गेला आठवडाभर मी तीच भाजी खात होते, पण खाल्ली.

जेवण झाल्यावर मी पदराची गाठ सोडली. म्हाताऱ्याने मान लांब करून बघितलं. "हे काय?"

"डॉक्टरांची गोळी. झोप लागते."

"माना पन नाय लागत झोप," म्हातारा म्हणाला आणि हात पुढे केला. शेजारच्या दुसऱ्या म्हाताऱ्याने पण केला. मग एका म्हातारीने. बघता बघता ओट्यावर हातांची रांग लागली.

"ही वाटायची वस्तू नाय!" मी म्हणाले. "एकच आहे!"

"अर्धी दे," म्हातारा म्हणाला. आता त्याला बोलायला येत होतं!

मी तोंड उघडायच्या आत ती उठली, माझ्या तळहातावरची गोळी उचलली, "माझी हाय ती," म्हणाली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. हात एकेक करून मागे गेले. मग ती ओट्याच्या कडेला आडवी झाली. उन्हाची तिरीप तिच्या पायांवर पडली होती. मी बघत बसले. आधी डोळे मिटले. मग हाताची मूठ सुटली. मग ती घोरायला लागली, तेही असं की शेजारी बांधलेली शेळी उठून लांब जाऊन उभी राहिली.

परतीच्या एसटीची वेळ झाली होती. त्या दिवशीची तीच शेवटची. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "उठवू?"

"नको," म्हातारा म्हणाला. म्हातारी म्हणाली. पोरं म्हणाली. मीही म्हणाले, पण सकाळी केंद्रात चूल कोण पेटवणार या विचाराने जरा उशिराच म्हणाले.

तेवढ्यात रस्त्याला एसटी आली आणि ड्रायव्हरने जोरात हॉर्न दिला. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून चिखलातून धावत सुटले. कंडक्टरने दार उघडून धरलं. त्याला वाटलं, गाडी पकडायला धावतेय.

"या मावशी, या, चढा पटकन!"

"चढायचं नाय!" मी दम खात म्हणाले. "हॉर्न बंद करा! बाई झोपलीय!"

"कोण बाई?"

"आहे एक! तुम्ही निघा!"

"मग गाडी थांबवलीत कशाला?"

"हळू निघा म्हणून सांगायला!"

कंडक्टरने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग खरंच, हॉर्न न वाजवता, गाडी सरपटत पुढे निघाली. रस्त्याच्या मधोमध एक कोंबडी उभी होती. हॉर्न नसल्यामुळे तिला कळलंच नाही, चाक अगदी जवळ आलं तेव्हा ती फडफडून उडाली आणि किंचाळत माझ्या अंगावर आली. मी तिला दोन्ही हातांनी धरली आणि तिची चोच दाबून म्हणाले, "गप गो, गप."